नऊ स्क्रीन, एक दुरुस्ती

मयेकर गेले तेव्हा ऑफिसात केक कापला नाही. आमच्याकडे तीन महिने काम करून पळणाऱ्यालासुद्धा केक असतो. फोटो काढतात, टाळ्या वाजवतात, ज्यांनी कधी त्याला चहा विचारला नाही ते 'मिस करू रे तुला' म्हणतात. मयेकर अकरा वर्षं होते. एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता त्यांनी डबा पिशवीत टाकला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी अमेयची मेल आली की मयेकरांनी वैयक्तिक कारणांमुळे कंपनी सोडली आहे. वैयक्तिक! ती मेल वाचून माझ्या तळपायाची जी आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. त्यातली निम्मी आग माझी माझ्यावरच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साळसूद समजायला नको.

आमचं ऑफिस चिंचपोकळीच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात, दिवसभर धप्प धप्प आवाज येतो. आम्ही वर हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. नोंदणीच्या खिडकीमागे बसलेला कारकून ज्या स्क्रीनकडे बघत 'पुढे या' म्हणतो, ती स्क्रीन आमची. नाव नोंदवायचं, तारीख द्यायची, तारीख बदलायची, रद्द करायची. अमेय आमचा प्रोजेक्टचा प्रमुख, मालकांचा लाडका. मयेकर वयाने सगळ्यांत मोठे, पन्नाशी ओलांडलेले, आणि हुद्द्याने अमेयच्या खाली. मी केतकी, गिरगावातून रोज येणारी, त्यांच्या शेजारच्या टेबलावर.

पहिल्याच दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "सर नको. शाळा नाय ही. मयेकर म्हण."

मग मी मयेकर म्हणायला लागले, पण 'तुम्ही' सोडवलं नाही.

त्यांचं घर लालबागला. दर बुधवारी डब्यात बांगडा. एसी ऑफिसात बांगड्याचा डबा उघडला की चार टेबलांपलीकडे कोणीतरी नाक दाबायचं, आणि मयेकर मुद्दाम झाकण उघडं ठेवून हळूहळू जेवायचे. अमेयने एकदा पँट्रीत नोटीस लावली, 'तीव्र वासाचे पदार्थ टाळा.' मयेकरांनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'आधी सेंट मारून येणं बंद करा.' नोटीस तिसऱ्या दिवशी गेली. पेन्सिल हे त्यांचं एकमेव हत्यार होतं. खालच्या गाळ्यातून पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्या आणायचे आणि त्यांच्यावर आधी सगळं लिहून काढायचे, मग कीबोर्डला हात. 'बग' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. "किडा कसला? किडा आपणहून येतो. ही चूक आहे. चूक कोणीतरी करतं," असं म्हणायचे. आणि कोणी केली ते सगळ्यांसमोर सांगायचे, स्वतःची असली तरी.

रुजू झाल्यावर आठवड्याभरात मी एक स्क्रीन लिहिली. कारकुनाने घाईत 'नोंदवा' हे बटण दोनदा दाबलं तर एका रुग्णाचे दोन नंबर लागतात, म्हणून पहिल्या दाबानंतर बटण बंद करायचं, अशी सोय तिच्यात केली. अर्धा दिवस घालवला होता. मोठ्या तोऱ्यात दाखवायला गेले.

"ह्यां कोणी लिवल्यान?" चिडले की ते मालवणीवर यायचे.

"मी."

"कशाला?"

"दोनदा दाबलं तर..."

"ते मला कळतंय गो. पण ते ह्या स्क्रीनमध्ये कशाला लिहिलंस? उद्या दुसऱ्या स्क्रीनवर लागेल तेव्हा काय करशील? परत लिहिशील? की इथून उचलून तिथे चिकटवशील?"

मी म्हटलं, चिकटवेन. त्यात काय एवढं?

मयेकर खुर्चीतून उठलेच. "तुमच्या घरी चपला बाहेर काढायची सवय आहे ना? ती प्रत्येक खोलीच्या भिंतीवर वेगवेगळी लिहून ठेवलीय काय? माणसाला एकदा लावली की तो कुठल्याही घरात गेला तरी चपला बाहेरच काढतो. स्क्रीनचं पण तसंच. काम प्रत्येकीचं वेगळं, सवयी सगळ्यांच्या त्याच. सवय एका जागी लिहायची आणि जिला पाहिजे तिला लावायची. फरक हवा असेल तर बाहेरून सांगायचा. आतून कापाकापी करायची नाय."

आणि मला माझं सगळं लिखाण एकेक ओळ मोठ्याने वाचत पुसायला लावलं. आजूबाजूचे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाने. पुसून झाल्यावर त्यांनी माझ्या स्क्रीनमध्ये एक ओळ लिहिली. एकच. त्या ओळीने त्यांची 'एकदाच' नावाची सवय माझ्या स्क्रीनला लागली आणि माझं अर्ध्या दिवसाचं काम त्या एका ओळीत झालं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं की आमच्याकडे एक महाखडूस म्हातारा आहे. आई म्हणाली, "शिकवतोय ना? मग शिक गप."

आम्ही ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्यात, काम करायचो त्यात ही सोय मुळातच होती. इंग्रजीत तिला बिहेवियर म्हणतात. बाकीचे लोक ती सोय कधीमधी वापरायचे, मयेकरांनी तिचा धर्म केला होता. त्यांच्या सवयींचं एक वेगळं फोल्डर होतं आणि नावं मराठीत. 'एकदाच' ही बटण दोनदा दाबू न देणारी. 'जाऊनको' ही अर्धवट भरलेला फॉर्म सोडून जायला लागलात तर अडवणारी. आणि 'खात्री' ही काहीही रद्द करण्याआधी किंवा बदलण्याआधी स्क्रीनवर 'नक्की ना?' अशी पेटी उघडून विचारणारी.

या नावांवरून अमेयशी जोरदार वाजलं होतं. अमेय म्हणाला, नावं इंग्रजीत करा, उद्या बाहेरचा कोणी कोड बघायला आला तर काय वाटेल? मयेकर म्हणाले, "बाहेरचा येऊ दे. आला तर मी त्याला अर्थ सांगेन. तुला सांगितला तसाच." अमेय हसला. ते त्याचं हसणं मी कधी विसरणार नाही, ओठ उघडतात आणि डोळे जागचे हलत नाहीत. म्हणाला, "मयेकर, तुम्ही ना, आमचे लेजंड आहात." लेजंड म्हणजे ज्याचं ऐकायचं नसतं असा माणूस, हे मला पुढे कळलं.

डिसेंबरात मयेकर गावी जायचे. त्यांच्या देवीची जत्रा, आणि पालखीला खांदा देण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. मालकांच्या मुलीचं लग्न असतं तरी ते थांबले नसते. गावात फोनला रेंज नाही, आणि असती तरी त्यांनी उचलला नसता. नेमक्या त्या आठवड्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला केमोच्या डे-केअर विभागासाठी नवीन स्क्रीन दाखवायची होती. केमो घ्यायला आलेला रुग्ण सकाळी येतो, खाटेवर दिवसभर सलाईन लावून पडतो, संध्याकाळी जातो. खाटा मोजक्या. कोणाचा दिवस कुठला, हे ती स्क्रीन ठरवणार.

डेमोच्या दिवशी अमेय माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याला 'खात्री'ची पेटी साधी वाटत होती. रंग वेगळा हवा, कारणांची यादी हवी, मोठं गोल बटण हवं.

मी म्हटलं, "मयेकर येईपर्यंत थांबू या का? सवयीत फरक करायचा तर ते नीट करतील."

"चार वाजता डेमो आहे, केतकी. कॉपी मार आणि आत बदल कर. चल चल."

मी कॉपी मारली. 'खात्री'च्या आतल्या सगळ्या ओळी उचलून डे-केअरच्या स्क्रीनमध्ये चिकटवल्या, वर इंग्रजी नाव दिलं, हवा तो रंग दिला. चार वाजता डेमो झाला. टाळ्या पडल्या. अमेयने स्वतःच ते काम तपासलं असं लिहून मंजूर करून टाकलं. मयेकर आले की सांगू, सवयीत रंगाची सोय करून घेऊ आणि कॉपी काढून टाकू, असं मी मनाशी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण ठरवायला काय, बसल्या जागी काहीही ठरवता येतं!

मयेकर जत्रेहून परतले ते खाज्याचा पुडा घेऊन. तो सगळ्यांना वाटला आणि चार दिवसांनी सगळ्यांना आपल्या टेबलाभोवती बोलावलं. हातात पुठ्ठ्याची पट्टी होती.

"चूक सापडलीय. माझी आहे. ऐका."

चूक अशी होती. कारकुनासमोरची रुग्णांची यादी दर अर्ध्या मिनिटाला आपोआप ताजी होते. वर नवीन नाव आलं की बाकीची नावं एक ओळ खाली सरकतात. कारकुनाने तिसऱ्या ओळीवर 'रद्द' दाबलं की 'खात्री' पेटी उघडायची आणि लक्षात ठेवायची काय, तर ओळ तिसरी. माणूस नाही, ओळ! पेटी उघडी असताना यादी सरकली आणि मग कारकुनाने 'हो' म्हटलं, तर तिसऱ्या ओळीवर आता भलताच कोणीतरी असायचा, आणि त्याचा नंबर जायचा.

"अजून कोणाचा गेलेला नाही. नशीब. आता 'खात्री' माणूस लक्षात ठेवते. नऊ स्क्रीन आहेत, एक दुरुस्ती केली, नऊच्या नऊ सुधारल्या." हे म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता. मी त्यांना इतकं खूश फार कमी वेळा पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला. "पण कोणी ही कुठे कॉपी करून ठेवली असेल तर आत्ता सांगा. तिथे ही दुरुस्ती पोचणार नाही. मी काही बोलणार नाही."

ते काही बोलणार नाहीत यावर ऑफिसात कोणाचाच विश्वास नव्हता. मी अमेयकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये. त्याने मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत खाली घातली. मला वाटलं, आता इथे सगळ्यांसमोर कशाला? एकेक ओळ मोठ्याने वाचत पुसायची पाळी परत यायची. संध्याकाळी गुपचूप आपण डे-केअरवर तीच दुरुस्ती करून टाकू. मयेकरांनी सगळीकडे 'खात्री' या नावाने शोधलं, त्यांना नऊच सापडल्या. मी इंग्रजी नाव दिलं होतं ना, दहावी सापडणार कशी?

संध्याकाळी दुसरं काम आलं. दुसऱ्या दिवशी तिसरं आलं. आणि मी विसरले. याच्यासाठी माझ्याकडे दुसरा चांगला शब्द नाही. विसरले.

एप्रिलमध्ये त्या हॉस्पिटलातून फोन आला. हर्णैकडची एक बाई केमोसाठी आली होती. वरळी कोळीवाड्यात नणंदेकडे उतरलेली. पहाटे उठून, काही न खाता, सकाळी सातला खिडकीवर हजर. कारकुनाने सांगितलं, तुमचा आजचा दिवस रद्द झालाय, तुम्हीच केला असेल. खाट दुसऱ्याला दिलेली. पुढची तारीख दहा दिवसांनी.

फोन अमेयने घेतला आणि स्पीकरवर टाकला, बहुतेक मयेकरांनी ऐकावं म्हणून. मागून नणंदेचा आवाज येत होता, सगळा मासळीबाजार ऐकेल असा. "आमचा नंबर कुनी खाल्ला? नाव सांग त्याचं! वयनीला हितवर आनताना माझा जीव गेला, आन तू सांगतोस तिनंच रद्द केला?"

मयेकर चप्पल घालून निघाले. अमेय म्हणाला, "तुम्ही कुठे चाललात? मी कॉल घेतोय ना." मयेकर चिंचपोकळीहून परळच्या त्या हॉस्पिटलात चालत गेले आणि तीन तासांनी आले. तिथे काय झालं ते मला नंतर त्या विभागातल्या सिस्टरने सांगितलं. मयेकर त्या नणंदेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ती स्क्रीन आमची आहे. तुमच्या वहिनीने काही केलं नाही. आमच्याकडे चूक झाली." नणंदेने तोंडाला येईल ते ऐकवलं. ती दमली तेव्हा हे सिस्टरकडे गेले, सिस्टर डॉक्टरांकडे, आणि दहा दिवसांचे तीन दिवस झाले. तीन दिवस तरी का? पण झाले.

परत आल्यावर त्यांनी डे-केअरची स्क्रीन उघडली. कुठली ओळ कोणी, कधी, कोणाच्या मंजुरीने घातली याची नोंद आमच्या कामात कायम राहते, पुसता येत नाही. त्यांनी ती वाचली. मी शेजारच्या टेबलावर होते. ते माझ्याकडे वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये चौघं बसलो. मालक, अमेय, मयेकर आणि मी. गोष्टींमधली थोर माणसं अशा वेळी दुसऱ्याचा गुन्हा पोटात घालतात म्हणे. मयेकर तसले नव्हते.

"कॉपी केतकीने केली. मी जत्रेला असताना," त्यांनी सरळ सांगितलं. "आणि मंजूर अमेयने केली. तिला करायला लावली असणार यानेच. ती आपणहून करणारी नाही, मी शिकवलंय तिला."

अमेय म्हणाला, "मी 'काम पूर्ण कर' म्हटलं. कॉपी कर असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही."

मालक माझ्याकडे वळले. "केतकी, अमेयने तुला कॉपी करायला सांगितलं होतं का?"

एका शब्दाचं काम होतं. हो. मला ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं, कॉपी मार आणि आत बदल कर, चल चल. त्याचा आवाज, त्याचा तो सेंट, सगळं. पण पुढच्या महिन्यात माझी बढती अमेयच्या सहीने होणार होती, आणि मयेकर काय, आज ना उद्या निवृत्त होणारच. असला हिशेब मी त्या खुर्चीत बसून केला. लिहितानासुद्धा लाज वाटते.

"नक्की आठवत नाही," मी म्हटलं.

मयेकरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांचा राग मला पचला असता. अर्ध्या दिवसाचं काम पुसायला लावताना बघितलं होतं तसं पाहिलं असतं तरी चाललं असतं. यावेळी त्यांनी नुसतं पाहिलं आणि मान फिरवली.

मग अमेय जे बोलला त्याला तोड नाही. म्हणाला, कॉपी कोणी केली हा मुद्दाच नाही. कॉपीत जी चूक होती ती मुळात मयेकरांच्या कोडमधली. मूळ चूकच नसती तर कॉपीत आली कुठून? ऐकलंत? ज्या माणसाने स्वतःची चूक स्वतः शोधली, सगळ्यांसमोर कबूल केली, दुरुस्त केली आणि कुठे राहिलीय का म्हणून विचारलं, तोच गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. हॉस्पिटलला अहवाल गेला, त्यात लिहिलं होतं, 'वरिष्ठ डेव्हलपर मयेकर यांच्या सदोष कोडमुळे.' तो अहवाल मयेकरांना वाचायला दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"शिरा पडो तुमच्या ह्या कागदार," एवढी एकच शिवी दिली. तो मंगळवार होता.

ते गेल्यावर अमेयने सवयींचं फोल्डर बंद करायला लावलं. एक गोष्ट सगळीकडे वापरली की धोका सगळीकडे पसरतो, असं त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, आणि माना डोलल्या. आता प्रत्येक स्क्रीनचं वागणं तिच्यापाशीच. डे-केअरची पेटी देखणी होती, म्हणून तीच कॉपी सगळीकडे चिकटवायची ठरलं. चिकटवायला कोण? मीच. बढती मिळाली होती ना! उरलेल्या नऊ स्क्रीनवर मी ती पेटी चिकटवली. डे-केअरवर 'रद्द'च्या बटणामागची चूक आम्ही काढली होती. 'तारीख बदला' या बटणामागे तीच चूक तशीच बसलेली होती, आणि ती मला सगळं चिकटवून झाल्यावर दिसली. दहाच्या दहा ठिकाणी.

मी अमेयला सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या रिलीजला घेऊ. दोन आठवडे झाले. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "केतकी, पॅनिक नको करू." आणि मी गप्प बसले. तिसऱ्यांदा! माणूस किती वेळा मूग गिळतो याला काही मर्यादा असावी.

गेल्या महिन्यात मला त्याच हॉस्पिटलात कारकुनांना नवीन स्क्रीन शिकवायला पाठवलं. सकाळची वेळ. नोंदणीच्या हॉलमध्ये शिरले आणि रांगेत मयेकर दिसले. केस पार पांढरे झालेले. बाजूच्या बाकावर त्यांच्या मोठ्या बहिणीला बसवलेलं, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात फाइल. तिची तारीख बदलायची होती.

मी जाऊन समोर उभी राहिले. काय बोलणार होते देव जाणे. तोंडातून निघालं, "मयेकर, अमेयने मला कॉपी करायला सांगितलं होतं. मला सगळं आठवत होतं."

"माका म्हायत आसा."

"मी खोटं बोलले."

"तां पण म्हायत आसा." ते रांगेत एक पाऊल पुढे सरकले. मीही सरकले. मग मी तेही सांगितलं, की तारीख बदलण्याच्या बटणामागे तीच चूक दहा स्क्रीनवर आहे आणि अमेय थांब म्हणतोय.

तेव्हा मात्र मयेकर भडकले. जुना भडका. रांगेतले लोक वळून बघायला लागले.

"अगो, मग माका कित्याक सांगतंस? मी कोण? मी रांगेत उभा आहे! माझी बहीण तिथे बसलीय आणि तू मला येऊन चूक सांगतेस? जा, आत जा. जे ह्या खिडकीमागे बसून बटणं दाबतायत त्यांना सांग!"

मी बाजूच्या दाराने आत गेले. नोंदणीच्या प्रमुख बाई चहा पीत होत्या. मी त्यांना म्हटलं, तारीख बदलण्याचं काम आत्ताच्या आत्ता थांबवा, सगळ्या खिडक्यांवर. का ते सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला. मी दहा स्क्रीनची नावं लिहिली. खाली लिहिलं, की ही कॉपी मी केली, अमेयच्या सांगण्यावरून. डे-केअरची पहिली कॉपीही माझीच. तुमच्याकडे आलेल्या अहवालात मयेकरांचं नाव आहे, ते खोटं आहे. त्यांनी ती चूक तीन महिने आधीच काढली होती आणि विचारलं तेव्हा मी गप्प बसले होते. सही केली. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि फोन उचलला. माझ्या नोकरीचं काय होणार ते मला तिथेच कळलं, आणि पुढच्या सोमवारी तसंच झालं.

बाई एकेका खिडकीवर कळवत होत्या. तिसऱ्या खिडकीवर निरोप पोचायच्या आधी मयेकरांचा नंबर आला. मी काचेच्या आतल्या बाजूने तिकडे निघाले होते, पण अजून कारकुनाच्या चार हात मागे. त्यांना मी दिसत होते की नाही माहीत नाही. कारकुनाने तारीख बदलली आणि हात झटकला. "झालं काका. पुढे कोण?"

मयेकर हलले नाहीत. "यादी उघड. कोणाची तारीख बदलली ते नाव वाच."

"अहो, केली ना..."

"वाच. पुरं नाव वाच. आडनावासकट."

कारकुनाने वैतागून यादी उघडली आणि नाव वाचलं. त्यांच्या बहिणीचंच होतं. मयेकरांनी 'बरं' म्हटलं नाही की आभार मानले नाहीत. बाजूला होताना त्यांच्या मागे एक बाई होती, कडेवर मूल, हातात चुरगळलेली फाइल. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, तुमचं पण नाव त्याच्याकडून वाचून घ्या. तो वाचेपर्यंत खिडकी सोडू नका." आणि बहिणीला उठवायला बाकाकडे गेले.

ती बाई खिडकीशी आली आणि फाइल द्यायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, शेवटी नाव वाचून दाखवा हं."